'यूजीसी मान्य' एमबीएच्या नावाखाली माझे ९६ हजार गेले

मी भोसरीतल्या एका पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिते. फूट व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी का भरून घ्यायचं, हे शेतावर उभ्या असलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहायचं. नऊ वर्षं हेच काम करतेय आणि ते मला मनापासून आवडतं. २०२३ मध्ये आमच्या विभागात प्रमुखाची जागा निघाली. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, पदव्युत्तर पदवी लागेल. माझं शिक्षण बीए.

त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली. व्यवसाय व्यवस्थापन आणि व्यावसायिक लेखन एकत्र, पदवी एमबीए, नोकरी सांभाळून, एका वर्षात. जणू माझ्यासाठीच काढलेला कोर्स. केंद्र चिंचवडमध्ये, एका मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं होती: एक आयएसओचं, एक ट्रस्टच्या नोंदणीचं, एक लघुउद्योग नोंदणीचं. या तिन्हींचा पदवी देण्याच्या अधिकाराशी काडीचाही संबंध नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी विचारलं नाही असं नाही. "सर, मान्यता आहे ना?" हा माझा पहिलाच प्रश्न होता. केंद्रातल्या सरांनी लगेच लॅपटॉप माझ्याकडे वळवला, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वेबसाइट उघडली आणि यादीतल्या विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवलं. नाव खरंच होतं. विद्यापीठही खरं होतं, दुसऱ्या राज्यातलं. तिथेच माझी शंका मिटली आणि तिथेच मी फसले. कारण यादीत विद्यापीठाचं नाव असणं वेगळं, आणि त्या विद्यापीठाला तो कोर्स, त्या सत्रात, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायची परवानगी असणं वेगळं. ती परवानगी यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग (इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डेब') देतो आणि कोणत्या सत्रात कोणते कोर्स मान्य आहेत हे त्याच्या वेबसाइटवर बघता येतं. मला दाखवलेलं पान त्या वेबसाइटचं नव्हतंच. शिवाय कुणा खासगी क्लासला आपल्या नावाने पदवीचे कोर्स चालवायला देणं विद्यापीठांना चालत नाही. यूजीसीने जानेवारी २०२२ मध्येच तसा जाहीर इशारा दिला होता. मी प्रवेश घेतला त्याच्या दीड वर्ष आधी.

दोन वर्षांची पदवी एका वर्षात कशी, हेही विचारलं होतं. "ताई, तुमचं नाव मागच्या सत्रात टाकतो. कामाचा अनुभव आहे ना तुमच्याकडे?" मागच्या तारखेचा प्रवेश म्हणजे खोटा कागद, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. उठले नाही, कारण डोळ्यांसमोर ती जागा होती.

फी ९६ हजार. त्यातले १६ हजार आईने पतसंस्थेतली ठेव मोडून दिले. उरलेल्या ८० हजारांसाठी त्यांनी "हप्ते पाडून देतो" म्हणत टॅबवर माझं आधार, पॅन घेतलं आणि दोन वेळा ओटीपी विचारला. घरी आल्यावर मेसेज वाचला तेव्हा समजलं, की ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. पूर्ण रक्कम केंद्राला मिळून गेली होती आणि पुढचे २४ महिने माझ्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जाणार होता. फी दिली की विद्यापीठाच्या नावाची पावती मिळायला हवी. माझी पावती केंद्राच्या नावाची होती.

अभ्यासाचं साहित्य म्हणून स्पायरल बाइंडिंगच्या चार झेरॉक्स प्रती मिळाल्या. व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या प्रतीत एक अख्खं प्रकरण तार कशी लिहावी यावर होतं, कमी शब्दांत मजकूर कसा बसवायचा त्याच्या उदाहरणांसकट. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ईमेलवर जेमतेम दीड पान. परीक्षा त्याच खोलीत, प्रती समोर ठेवून. मी रोज लेखनाचंच काम करणारी बाई, आणि तरी मनाची समजूत घालत राहिले.

गुणपत्रिका आली तेव्हा चमकता होलोग्राम होता, शिक्का होता. मी सवयीने ओळ न् ओळ वाचली. 'मॅनेजमेंट' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला मधला 'ई' गायब होता. एखादं विद्यापीठ आपल्याच पदवीचं नाव चुकवेल का? त्या रात्री झोप लागली नाही.

कंपनीने कागद पडताळणीला पाठवले. तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं उत्तर आलं: हा नोंदणी क्रमांक आमच्याकडे नाही. जागा तर गेलीच, पण खोटं प्रमाणपत्र का दिलं याचा लेखी खुलासाही माझ्याकडून मागवला. नऊ वर्षांत माझ्या प्रामाणिकपणावर पहिल्यांदा बोट उठलं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही.

१९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ सांगतं, की केंद्र सरकारच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांच्याशिवाय कुणालाही पदवी देता येत नाही. आणि हे कलम मोडलं तर त्याच कायद्यात दंड किती, तर एक हजार रुपयांपर्यंत. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून तक्रार फसवणुकीची करा. माझा प्रकार जुलै २०२४ च्या आधीचा, त्यामुळे माझ्या तक्रारीत जुनं ४२० कलम आहे. त्यानंतर फसलेल्यांसाठी, तेव्हापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ३१८.

फायनान्स कंपनीचं म्हणणं, कर्ज तुम्ही घेतलंत, कोर्सचं तुम्ही बघा. हप्ता थांबवला तर सिबिल खराब होतं, म्हणून मी भरतेच आहे.

एप्रिल २०२४ मध्ये यूजीसीने 'दहा दिवसांत एमबीए' सारख्या जाहिरातींबद्दलही सावध केलं होतं, तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत. आता दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्सच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. "त्याची गरज नाही, आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर तिथे चहासुद्धा घेऊ नका. मान्यता बघायची ती आपल्या घरी, आपल्या फोनवर, आणि मग विद्यापीठाच्या कार्यालयात स्वतः फोन करून विचारायचं, की चिंचवडला तुमचं केंद्र आहे का. माझा तो एक फोन राहून गेला.

केंद्राला आता कुलूप आहे. आमच्या बॅचला तीसेक जण होते, बहुतेक नोकरी करणारे. यातलं काही ओळखीचं वाटत असेल तर पावत्या, कर्जाचे मेसेज आणि त्या झेरॉक्स प्रती फेकू नका. पोलिसांनी माझ्याकडे हेच मागितलं, आणि एकाच केंद्राविरुद्ध आणखी कुणाच्या तक्रारी आहेत का हेही विचारलं. आतापर्यंत आम्ही चौघं आहोत.