एकच गेम, दोन दुकानं: स्टीमवरून घ्यावा की गॉगवरून?

माझ्या मामेभावाने दिवाळीच्या आधी स्वतःचा पहिला पीसी जोडला, वर्षभर पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून. आता सेलमध्ये दोन-तीन गेम घ्यायचे आहेत, आणि त्याला हवे ते गेम स्टीम आणि गॉग या पीसी गेमच्या दोन्ही ऑनलाइन दुकानांत आहेत. "दादा, कुठून घेऊ?" असं त्याने विचारलं. फोनवर तासभर बोललो तरी माझं सांगून पुरं झालं नाही, म्हणून आता सगळं नीट लिहितो.

मी दोन्हीकडे खरेदी करतो. स्टीमवर माझे शंभराच्या आसपास गेम आहेत, गॉगवर साठेक. स्टीम २००३ पासूनचं. गॉग पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलं, तेव्हा तिथे फक्त जुने गेम मिळायचे. यापलीकडे ओळख करून द्यायची गरज नसावी.

आधी पैशाचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच असतो. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव दिसतात आणि पैसे यूपीआयने भरता येतात. माझ्या गॉगच्या खात्यात भाव डॉलरमध्ये येतो. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, आणि बँक वरून स्वतःचं शुल्क लावते ते वेगळं. नवा गेम असेल तर फरक बऱ्यापैकी जाणवतो, जुन्या गेमवर सेल असेल तर शे-दीडशेच्या आत राहतो. गेम किती मिळतात याचं म्हणाल तर तिथे बरोबरीच नाही. मोठ्या प्रकाशकांचे कितीतरी गेम गॉगवर येतच नाहीत, किंवा दोन-तीन वर्षांनी येतात. मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक किंवा डोटा खेळायचं असेल तर स्टीमशिवाय मार्ग नाही आणि पुढचं वाचायचीही गरज नाही.

घरात भावंडं असतील तर स्टीमची आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०२४ पासून स्टीमवर सहा जणांपर्यंतचं कुटुंब करता येतं, आणि ज्या गेमना ही सोय आहे ते एकाने घेतले तरी बाकीच्यांना खेळता येतात. फक्त एकाच प्रतीवर दोघांना एका वेळी खेळता येत नाही. माझी बहीण नाशिकला असते, आणि ती माझ्या लायब्ररीतले कोड्यांचे गेम खेळते तेव्हा मला खरंच बरं वाटतं. मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, टाकायची सोय, लिनक्सवर गेम चालवायची सोय, यांतही स्टीम पुष्कळ पुढे आहे. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहितो आहे.

परतीच्या नियमांत दोन्ही दुकानं आता बरी आहेत. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गॉगवर तीस दिवस, खेळलेला असला तरी. माझं ग्राफिक कार्ड जुनं आहे, सेटिंग जुळवण्यातच पाऊण तास जातो, त्यामुळे दोन तास मला थोडे वाटतात. नवं मशीन असेल त्याला कदाचित पुरतील. हे नियम आपोआप आलेले नाहीत हे मात्र लक्षात ठेवावं. स्टीमचा परतीचा नियम २०१५ च्या जूनमध्ये आला, आणि त्याच्या आधीच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने वाल्व्हला, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या कंपनीला, कोर्टात खेचलं होतं. परताव्याचा हक्कच नाही असं सांगून वाल्व्हने ग्राहकांची दिशाभूल केली, असं तिथल्या कोर्टाने ठरवलं आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आता माझा कौल ज्या गोष्टीवर ठरला, ती सांगतो.

मागच्या वर्षी वळवाच्या पावसात आमच्याकडे डोंबिवलीत वीज तीन-चार वेळा गेली-आली आणि माझ्या पीसीचा मदरबोर्ड बसला. लॅमिंग्टन रोडवर हिंडून त्याच सॉकेटचा दुसरा मिळवला. शनिवारी संध्याकाळी एक मित्र जोडून द्यायला आला, तो रिपेरिंगचंच काम करतो. प्रोसेसरही गेला आहे का हे बघायला त्याने आधी स्वतःजवळचा प्रोसेसर लावला. मशीन सुरू झालं. ग्राफिक कार्डावर पूर्ण ताण टाकून बघायचा म्हणून मी महिन्याभरापूर्वीच घेतलेला एक नवा गेम चालू केला. चालला. मग माझा प्रोसेसर परत बसवला, पुन्हा तोच गेम लावून बघितला. मदरबोर्डचं बायोस अपडेट केलं, पुन्हा लावला. मशीन मधेच अडखळत होतं म्हणून विंडोज नव्याने टाकलं आणि परत गेम लावला. रात्री साडेदहाला सगळं जागेवर आलं. मित्र जेवून गेला. मी निवांत खेळायला बसलो, तर पडद्यावर पाटी आली. हा गेम अलीकडे बऱ्याच वेगवेगळ्या मशीनवर चालवला गेला आहे, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा, अशा अर्थाची.

वेगवेगळी मशीन! तेच टेबल, तोच कॅबिनेट, तोच मी. चोरी रोखायला गेमच्या आत बसवलेलं कुलूप प्रोसेसर आणि विंडोजच्या खुणांवरून मशीन ओळखतं, आणि त्यातली एखादी खूण बदलली की ते मशीन त्याच्या लेखी नवं. चोवीस तासांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त मशीन झाली की दार बंद. हे मला नंतर वाचून कळलं. विकत घेताना ते दुकानाच्या पानावर लिहिलेलं होतं का? कुलूप आहे एवढं लिहिलं होतं. ते कसं वागतं याबद्दल अक्षर नव्हतं. प्रकाशकाकडे तक्रार केली, तीन दिवसांनी उत्तर आलं, आणि ते उत्तर म्हणजे तीच पाटी जरा सभ्य भाषेत होती. त्या प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण एकट्याचा दोष नाही. अनेक जण हेच करतात. पण आठवड्यातला एक रविवार मिळतो, तो गेला. पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू माझ्याच घरात मला चोर समजून अडवते, हे मला फार लागलं. अजूनही लागतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कवरून गॉगचा एक जुना गेम टाकला. राऊटर बंद होता. लॉगिन नाही, खातं नाही, सिरियल नंबर नाही. इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायची फाइल, चालवला, दहा मिनिटांत गेम सुरू. दोन्ही दुकानांतला खरा फरक मला तेव्हा पहिल्यांदा हाताला लागला.

स्टीमला न्याय द्यायचा तर एवढं सांगायलाच हवं की असली कुलपं बहुतेक वेळा प्रकाशक लावतात, दुकान नाही. स्टीमवरचे काही गेम तर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी चालतात. ऑफलाइन मोडही आहे, आणि एकदा नेट असताना लॉगिन केलेलं असेल तर मला तरी त्याने सहसा दगा दिलेला नाही. पण स्टीम कुलूप लावायला परवानगी देतं, गॉग देत नाही. त्यामुळे एकीकडे प्रत्येक गेमचं पान तपासत बसावं लागतं, दुसरीकडे सहसा लागत नाही.

'सहसा' मुद्दाम म्हणतो, कारण गॉगकडूनही चूक झाली आहे. २०२१ मध्ये तिथे हिटमॅन हा गेम आला आणि त्यातला बराचसा भाग नेटशिवाय खुलतच नव्हता. ग्राहकांनी धारेवर धरलं, तेव्हा काही आठवड्यांत तो काढावा लागला. गैरसोयीही आहेत. इन्स्टॉलर मोठा असेल तर चार-चार जीबीच्या तुकड्यांत येतो, एकेक उतरवत बसावं लागतं. मोठ्या गेमला पन्नास-साठ जीबी सहज लागतात. पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, कधी कधी स्टीमपेक्षा उशिरा येतो, आणि नवा पॅच आला की जपून ठेवलेला इन्स्टॉलर पुन्हा उतरवायचा. हे करायचा कंटाळा येणार असेल तर गॉगचा मुख्य फायदाच हातचा जातो, कारण नुसतं खात्यात पडून राहिलेला गेम शेवटी त्यांच्याच सर्व्हरवर असतो.

चोरी थांबवायला कुलूप लागतं, असं प्रकाशक म्हणतात. गेम बनवणाऱ्यांना त्यांच्या मेहनतीचे पैसे मिळालेच पाहिजेत. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्या लोकांनी २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात पैसे देऊन घेतला होता. पण कुलपाचा जाच होतो कोणाला? २०२१ मध्ये रेसिडेंट एव्हिल व्हिलेज विकत घेणाऱ्यांचा गेम अडखळत होता आणि क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप फोडलेली, प्रत सुरळीत चालत होती. शेवटी प्रकाशक कॅपकॉमला कॉपी संरक्षणात सुधारणा करणारा पॅच द्यावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेनुव्हो नावाच्या कुलपाच्या एका डोमेनची, म्हणजे नेटवरच्या पत्त्याची, मुदत संपली आणि कितीतरी गेम काही तास विकत घेणाऱ्यांना उघडेनात. आणि दुसऱ्या बाजूला विचर ३ बघा. २०१५ मध्ये तो गॉगवर कसल्याही कुलपाविना आला, आणि सगळीकडच्या मिळून त्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या. तो गेमच तेवढा चांगला आहे हे खरं, पण कुलूप नसल्याने धंदा बुडाला नाही हेही तितकंच खरं.

आता मालकीचं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू आहे: डिजिटल वस्तू विकताना आपण मालकी देत नसून परवाना देतो आहोत, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. त्याच्या थोडं आधीच स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. गॉगने लगेच जाहीर केलं की आमच्याकडे मिळणारे ऑफलाइन इन्स्टॉलर तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. कायद्याच्या भाषेत गॉगकडूनही परवानाच मिळतो, त्यामुळे सात-बारा दोन्हीकडे आपल्या नावावर नाही. पण गॉगवर निदान पीक उचलून आपल्या कणगीत भरता येतं.

याला महत्त्व का, ते युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ने दाखवलं. २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजलेल्या सगळ्यांचा गेम मेला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघापुढच्या तिच्या अर्जाला २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या मिळाल्या. हे वाचलं तेव्हा आपण एकटे नाही असं वाटलं. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, आणि ई-कॉमर्सचे २०२० चे नियम भारतात नियमित विक्री करणाऱ्या परदेशी दुकानांनाही लागू आहेत. हे माहीत असलेलं बरं. पण सहाशे रुपयांच्या गेमसाठी तारखांना कोण उभं राहणार? मी तरी राहिलो नाही. म्हणून हक्कापेक्षा हार्ड डिस्कवर काय आहे याचा मी जास्त विचार करतो.

जुना पीसी असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा आधार संपला. गेम तोच, पीसी तोच, पण मधलं दुकान पुढे निघून गेलं. गॉगच्या जुन्या गेमचा इन्स्टॉलर तुमच्याकडे असेल तर त्याला दुकान उघडं आहे की बंद, याच्याशी देणंघेणं नसतं.

मामेभावाला मी जे सांगितलं ते असं. मित्रांबरोबर खेळायचं, बहिणीबरोबर वाटून घ्यायचं, किंवा भरपूर मॉड टाकायचे असतील तर स्टीम. घेण्याआधी पानाच्या उजव्या बाजूला बघ. तिसऱ्या कोणाचं डीआरएम, म्हणजे असलं कुलूप, किंवा वेगळं खातं लागत असेल तर तिथे लिहिलेलं असतं. ते दिसलं तर थांब, चार-सहा महिन्यांनी प्रकाशक कधी कधी कुलूप काढतोही. एकट्याने खेळायचा, कथा असलेला, दहा वर्षांनी परत काढावासा वाटेल असा गेम असेल आणि तो दोन्हीकडे असेल, तर वरचे शे-दीडशे रुपये दे आणि गॉगवरून घे. घेतल्या दिवशीच इन्स्टॉलर उतरव, डिस्कवर ठेव आणि एकदा नेट बंद करून चालवून बघ.

त्याने दोन गॉगवरून घेतले, एक स्टीमवरून. हार्ड डिस्क मात्र अजून घ्यायची आहे, तोवर त्याचे इन्स्टॉलर माझ्या डिस्कवर उतरवून ठेवले आहेत.