वाचन प्रेरणा दिनासाठी शब्दकोड्यांची पुस्तिका: शाळेत वापरून पाहिल्यानंतरचे परीक्षण

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी बहुतेक शाळांत पुस्तकांचे प्रदर्शन मांडले जाते, तासभर मूकवाचन होते आणि वाचनाच्या महत्त्वावर भाषणे होतात. जे मूल मुळातच अडखळत वाचते, त्याच्या वाट्याला या कार्यक्रमात ऐकण्यापलीकडे फारसे काही येत नाही. अशा मुलांसाठी काहीतरी हवे म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील एका दुकानातून 48 पानांची शब्दकोड्यांची पुस्तिका घेतली आणि जालना जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीच्या वर्गांत ती वापरली. पुस्तिकेतील त्रुटी प्रकाशकांना पत्राने कळवल्या आहेत. दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत त्यांचे नाव येथे देणे मला योग्य वाटत नाही. मात्र या प्रकारची कोणतीही पुस्तिका निवडताना काय पाहावे, हे पुढील मजकुरावरून लक्षात यावे.

पुस्तिकेची रचना दिनविशेषांवर आधारलेली आहे. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 2 एप्रिलचा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन, 8 सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन, 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अर्थातच 15 ऑक्टोबर, अशा प्रत्येक दिवसासाठी दोन-तीन कोडी दिली आहेत. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापले गेले, एवढी माहिती प्रस्तावनेत येते आणि तेवढी ती पुरेशी आहे.

या पुस्तिकेचे खरे मोल तिच्यातील शब्दशोधात आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शब्दशोधांत अक्षरांच्या चौकटीखाली शब्दांची यादी छापलेली असते. मूल यादीतला शब्द बघते, तसाच आकार चौकटीत शोधते आणि त्याभोवती पेन्सिल फिरवते. त्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नसला तरी काहीच अडत नाही. त्याला मी वाचन म्हणणार नाही. येथे यादीच्या जागी आठ-दहा ओळींचा उतारा दिला असून त्यातील काही जागा रिकाम्या सोडल्या आहेत, आणि रिकाम्या जागेत बसणारा शब्द चौकटीतून हुडकून काढायचा आहे. ‘पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला अमुक नाव आहे’ हे वाक्य पूर्ण वाचून समजल्याशिवाय ‘नाथसागर’ हा शब्द सापडत नाही, आणि सापडला तरी तो त्याच जागेचा आहे की नाही, हे ठरवायला पुन्हा उताऱ्याकडे वळावे लागते. एरवी परिच्छेद वाचायला सांगितला की खाली मान घालणारी मुले हा उतारा न सांगता पुन्हा पुन्हा वाचताना मी पाहिली आहेत.

उभ्या-आडव्या शब्दांची कोडीही विचारपूर्वक रचली आहेत. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्यासह पूर्ण अक्षर बसते, आणि याच नियमामुळे शब्दकोडे लेखनाचा उत्तम सराव ठरू शकते. ‘पुस्तक’ या शब्दासाठी तीन घरे दिलेली पाहून आमच्या वर्गातील अनेक मुले थबकली, कारण त्यांच्या हिशेबाने पु, स, त, क अशी चार घरे हवी होती. अर्धा ‘स’ एकटा घरात राहू शकत नाही, तो ‘त’ला धरूनच राहतो, हे त्यांनी आपसांत वाद घालून ठरवले. ‘वर्तमानपत्र’ सहा घरांत बसवताना रफाराचेही असेच झाले. ‘व’ नंतर कानाला ‘र’ ऐकू येतो, पण लिहिताना तो ‘त’च्या डोक्यावर जातो, ही गोष्ट फळ्यावर कितीही वेळा सांगितली तरी मनात ठसत नाही, एक घर कमी पडले की मात्र ती ताबडतोब पटते.

संतांचे पान तर प्रत्येक शिक्षकाने आवर्जून पाहावे असे झाले आहे. गंगाखेडच्या जनाबाई आडव्या ओळीत आहेत आणि त्यांच्या नावातील ‘ना’ या अक्षरापासूनच नामदेव उभे खाली उतरतात. नामदेवांच्या घरी राहून, दळता-कांडता अभंग रचणारी ही संत कवयित्री आणि हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे नामदेव एकाच अक्षरात भेटतात, ही जुळणी मुलांच्या लक्षात आणून द्यावी लागली नाही. शेजारच्या कोड्यात अंबाजोगाईच्या दासोपंतांसाठी ‘यांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर लेखन केले’ असा संकेत दिला आहे. कापडावर ग्रंथ लिहिला जातो, याचे मुलांना इतके नवल वाटले की त्यांनी त्याबद्दल आणखी वाचायला मागितले. आपल्याच मुलखातील गावे आणि माणसे कोड्यात भेटली की मुलांच्या मनातील परकेपणा जातो, आणि या बाबतीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तयार संचांपेक्षा ही पुस्तिका कितीतरी पुढे आहे.

मुक्तिसंग्रामाचे पान मात्र निराशाजनक आहे. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांची नावे शोधण्याचे कोडे चांगले आहे आणि त्यात छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नवी नावे घेतली आहेत. परंतु 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राजवटीतून हा प्रदेश मुक्त झाला, स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले, हे सांगणारा साधा उताराही तेथे नाही. केवळ नावे आणि सन विचारणारे संकेत आहेत. ज्याला ते पाठ आहे त्याने लिहावे आणि ज्याला नाही त्याने उत्तराचे पान उघडावे, असा तो प्रकार झाला आहे. ज्या विषयावर मुलांनी भरभरून वाचावे असे वाटते, नेमका तोच विषय येथे सामान्यज्ञानाच्या चाचणीसारखा उरला आहे.

याहून गंभीर चूक मराठी भाषा गौरव दिनाच्या कोड्यात आहे. तेथे ‘कवी’ आणि ‘विहीर’ हे शब्द एकमेकांना छेदतात. मराठी शुद्धलेखनाप्रमाणे ‘कवी’मधील ‘वी’ दीर्घ, तर ‘विहीर’मधील ‘वि’ ऱ्हस्व, मग त्या सामाईक घरात मुलाने काय लिहावे? जे लिहील त्याने एक शब्द चुकणारच. ज्या मुलाला शुद्धलेखन येते तेच येथे अडते आणि ज्याला येत नाही ते बिनधोक पुढे जाते. भाषेच्या दिवसासाठी केलेल्या कोड्यात हे खपवून घेता येणार नाही. ‘कवी’ऐवजी ‘कविता’ घेतली असती तरी प्रश्न मिटला असता. दुसऱ्या एका शब्दशोधात संगणकाने मात्रा अक्षरापासून तोडून वेगळ्या घरात टाकल्या आहेत आणि तेथे ठिपक्यांचे वर्तुळ छापले गेले आहे. असे पान छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा जरी माणसाच्या नजरेखालून गेले असते, तरी ही चूक राहिली नसती.

घरांचा आकारही लहान आहे. ‘हिं’ किंवा ‘स्तू’ यांसारखी वर-खाली पसरणारी अक्षरे चौथीतल्या मुलाच्या हाताने त्या घरात मावत नाहीत. देवनागरीसाठी घर किमान 1 सेंटिमीटरचे असावे आणि ते रुंदीपेक्षा उंचीला थोडे अधिक असले तरी चालेल. कागद पातळ असल्यामुळे खोडरबर दोनदा फिरवला की तो फाटतो.

असे असूनही मी ही पुस्तिका पुन्हा मागवली आहे, आणि त्याचे कारण आमच्या भागाच्या परिस्थितीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ज्या मुलांना मागे ठेवायला घरी कोणी नसते, ती आई-वडिलांबरोबर जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच परततात. तोपर्यंत येत असलेले वाचनही मागे पडलेले असते. म्हणजे वाचन प्रेरणा दिन येतो, तेव्हाच काही घरांत बिऱ्हाड बांधण्याची तयारी सुरू असते. अशा मुलाच्या दप्तरात देता येईल, ज्याला मोबाइल लागत नाही, वीज लागत नाही आणि शेजारी शिक्षक नसला तरी काम चालते, असे साहित्य फार थोडे आहे. या पुस्तिकेतील उताऱ्यांची भाषा सोपी आहे, संकेत स्पष्ट आहेत आणि उत्तरे शेवटच्या पानांवर असल्यामुळे मूल स्वतःच तपासून घेऊ शकते. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, संध्याकाळी मोठा भाऊ किंवा बहीण संकेत वाचून दाखवते आणि धाकटे उत्तर लिहिते, असे परत आलेल्या मुलांनी सांगितले. ज्यांची पुस्तिका अर्धीच भरली होती, त्यांनीही ती जपून परत आणली होती.

किंमत 80 रुपये आहे. शाळेसाठी एकत्रित मागणी केल्यास दुकानदार त्यात सवलत देतात. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी ती जरूर घ्यावी, मात्र वाटण्यापूर्वी शिक्षकांनी ‘कवी’चे कोडे आणि तुटलेल्या मात्रांचे पान स्वतःच्या हाताने दुरुस्त करून घ्यावे. पहिली-दुसरीसाठी ती घेऊ नये. त्या मुलांना मोठ्या घरांची, चित्रांचे संकेत असलेली आणि जोडाक्षरे नसलेली वेगळी कोडी लागतात, आणि तशी पुस्तिका याच प्रकाशकांनी काढावी, अशी विनंती मी माझ्या पत्रात केली आहे.