साठीनंतरचा जबडा: व्यायाम, स्प्लिंट, सुई की शस्त्रक्रिया?

माझा उजवा जबडा वाजायला लागला तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. आता सदुसष्ट. मधल्या काळात आवाज बदलला. आधी जांभई देताना एकच स्वच्छ खटका व्हायचा, आता वाळूवर पाय घासल्यासारखी करकर होते. दुखायचं मात्र तेव्हाच जास्त.

वय झालं म्हणजे जबडा दिवसेंदिवस बिघडतच जाणार, असं धरून माझ्या वयाची माणसं उपचारांची घाई करतात. गुडघ्यावरून अंदाज बांधला जातो. पण जबड्याच्या सांध्याचं दुखणं साधारण विशी ते पंचेचाळिशीत सगळ्यात जोरात असतं, आणि बायकांमध्ये जास्त. उतारवयात एक्स-रेवर झीज जास्त दिसते, करकरही जास्त ऐकू येते, पण दुखण्याची तक्रार मात्र कमी होत जाते. फिल्म बघून घाबरू नका, असं एका दंतवैद्यांनी मला सांगितलं होतं. ते तेव्हा धीर देण्यासाठी बोलत आहेत असं वाटलं. नंतर कळलं की ती नुसती समजूत नव्हती.

म्हणून उपचारांची तुलना करताना मी प्रत्येकाला दोन प्रश्न लावते. नको वाटलं तर मागे फिरता येईल का? आणि माझ्या बाकीच्या गोळ्यांशी, हाडांशी, कवळीशी त्याचं जमेल का? दुसरा प्रश्न तिशीतल्या माणसाला पडत नाही, आणि जबड्याबद्दलचा बराचसा सल्ला त्याच वयाला समोर ठेवून दिलेला असतो.

आधी दुखणं सांध्याचंच आहे ना?

हे ठरल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही. पन्नाशीनंतर एक आजार हमखास जबड्याच्या सांध्यावर ढकलला जातो: कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांना येणारी सूज, जायंट सेल आर्टरायटिस. चार घास चावले की जबडा भरून येतो, दुखतो, थांबलं की ओसरतो. जोडीला नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं. यात नजर कायमची जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांवरून अंदाज येतो, आणि संशय पक्का असेल तर बाकीच्या तपासण्यांची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. नजर अंधुक होत असेल तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि उभं राहिलं की थांबतो? हृदय तपासा. तोंड धुताना, गालाला वारा लागताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल तर ती चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेची. तोंड आठवडागणिक कमी उघडत चाललंय, ओठ किंवा हनुवटी बधिर आहे, गालात गाठ किंवा न भरणारी जखम आहे, आणि त्यातून तंबाखूची सवय असेल, तर कॅन्सरची शंका आधी फेडून घ्यायची.

काहीच न करणं हासुद्धा एक पर्याय

दोन्ही कानांसमोर एकेक सांधा. खालच्या जबड्याचं गोलसर टोक, वरच्या हाडातली खोबण आणि मध्ये एक चकती. तोंड उघडताना टोक आधी जागीच फिरतं, मग चकतीसकट पुढे घसरतं. चकती थोडी पुढे सरकलेली असली की टोक तिच्यावर चढताना खटका होतो. ती वाटेतच अडली तर तोंड पुरतं उघडत नाही. पृष्ठभाग खरखरीत झाला की करकर.

आवाज आहे, दुखत नाही, तोंड नीट उघडतं: अशा वेळी उपचार नकोत. आवाज घालवण्यासाठी केलेल्या उपायांनी आवाज परत यायचा तो येतोच. मोजमाप सोपं आहे. आपलीच मधली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते बघायचं. साधारण ४० ते ५० मिलिमीटर हे मोठ्या माणसाचं नेहमीचं उघडणं.

उलट दुखणं तीन महिन्यांवर गेलं असेल, झोप मोडत असेल, खाणं कमी होऊन वजन उतरत असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. या वयात खाणं घटलं की अंगातली ताकद भरभर जाते.

व्यायाम की स्प्लिंट

बहुतेकांची खरी निवड इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दंतवैद्य बहुधा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं आवरण, सुचवतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम. ज्याच्या हातात जे हत्यार. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या सांध्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी आल्या. कोणत्या उपायाने दुखणं कमी होतं आणि कोणत्याने अपाय होतो, याचा तौलनिक अभ्यास त्यामागे होता. देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम व ताण देणं, मान-खांद्यांची ठेवण सुधारणारे व्यायाम, थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं, स्नायूंच्या गाठी दाबणं, आणि दुखण्याशी वागायला शिकवणारी सीबीटी ही मानसोपचार पद्धत, यांना ठाम होकार. दातांवर काढ-घाल करण्याच्या स्प्लिंटला मात्र सौम्य नकार. मी ते वाचलं तेव्हा माझा स्प्लिंट पाण्याच्या डबीत बुडालेला समोरच होता. सौम्य नकार म्हणजे बंदी नाही. सरसकट सगळ्यांना देऊ नका, माणूस बघून ठरवा, एवढाच त्याचा अर्थ.

माणूस बघायचा म्हणजे काय? रात्री दात खाणारा, दात झिजलेले, सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिलं जड, अशा माणसाला रात्रीचा स्प्लिंट दात वाचवायला तरी नक्की कामाचा आहे. दुखणं किती कमी होईल ते वेगळं. तो कडक ॲक्रिलिकचा आणि एका जबड्यावरचे सगळे दात झाकणारा हवा. पुढचेच चार-सहा दात झाकणारे छोटे प्रकार महिनोन्महिने वापरले तर दात सरकून चावा, म्हणजे वरखालच्या दातांची जुळणी, बदलतो, आणि तो बदल उलटवणं अवघड. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी त्याची तपासणी, कारण स्प्लिंटने काहींचा तो त्रास वाढतो.

व्यायामाचं उलटं आहे. बिघडवण्यासारखं त्यात फार काही नाही, पण तो रोज करावा लागतो आणि कंटाळवाणा आहे. माझी फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, जबडा चोवीस तास कामावर ठेवलाय तुम्ही, जरा सुट्टी द्या त्याला." मी पेपर वाचताना, सुईत दोरा ओवताना दात घट्ट दाबून बसते हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला: ही जबड्याची विश्रांतीची जागा. जीभ तिथेच ठेवून तोंड हळू उघडायचं, जीभ सुटेल तिथे थांबायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. दुखऱ्या बाजूला कोमट शेक, लहान घास, कडक पदार्थ काही आठवडे बंद. मला फरक जाणवायला सहा आठवडे लागले. पहिल्या पंधरा दिवसांत मी दोनदा सोडून दिलं होतं.

मला निवडायला सांगितलं तर आधी दोन-तीन महिने व्यायाम, आणि दात खाण्याची खूण दिसली तर सोबत स्प्लिंट. नुसता स्प्लिंट नको.

कवळीवाल्यांचा हिशोब निराळा. जुन्या कवळीचे दात झिजले, हिरड्या बसल्या, की तोंड मिटताना हनुवटी नाकाकडे सरकते आणि कवळी सांभाळण्यासाठी स्नायू दिवसभर ओढाताण करत राहतात. अशा वेळी आधी कवळीकडे बघायचं. उंची एकदम वाढवली तर नवं दुखणं सुरू होतं, म्हणून ती टप्प्याटप्प्याने वाढवून बघतात. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने दाढा गेलेल्या रुग्णांचं कानाचं दुखणं जबडा जास्त मिटण्याशी जोडलं, आणि कित्येक वर्षं हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जात होता. त्याने दिलेलं शरीररचनेचं कारण पुढे टिकलं नाही. दाढा गेल्या म्हणजे सांधा गेलाच, ही समजूत मात्र अजून घट्ट आहे, आणि तिच्या भरवशावर दात घासून चावा 'जुळवून' देणारेही भेटतात. घासलेला दात परत वाढत नाही. दुखण्यासाठी म्हणून हे करू देऊ नका.

गोळ्या

इथे वय सगळ्यात जास्त आड येतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तिशीत आठवडाभर चालून जातात. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला जुना व्रण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर त्याच महाग पडतात. सांध्यावर लावायचं डायक्लोफेनॅक जेल पोटात फार कमी जातं, म्हणून मी आधी ते वापरून बघितलं. स्नायू सैल करणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, गोंधळायला होतं. पडून खुबा मोडण्याइतकं जबड्याचं दुखणं मोठं नाही. ॲमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत देतात, पण वयस्करांना शक्यतो टाळावं अशा औषधांत ते मोडतं. तोंड कोरडं, लघवी अडते, बद्धकोष्ठ. आणखी एक, जे कुणी आपणहून विचारत नाही: नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात खाणं सुरू होतं. जबडा त्या सुमारास बिघडला असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. स्वतः बंद करू नका.

सुई

दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या जातात. एक, सांधा धुणं: कानासमोर दोन सुया, एकीतून सलाइन आत, दुसरीतून बाहेर. ही पद्धत १९९१ मध्ये मांडली गेली. जागा बधिर करून होते, त्याच दिवशी घरी. तोंड अचानक अडकलेलं असेल आणि ते नुकतंच झालं असेल तर तिचा फायदा जास्त. वर्षानुवर्षांच्या करकरीला तेवढा भरवसा नाही. मोठी भूल नको, टाके नाहीत, म्हणून म्हाताऱ्या शरीराला झेपते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कल्पना मात्र आधी द्यायची.

दुसरी, औषध सोडणं. स्टेरॉइडने सूज उतरते, पण मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते आणि पुन्हापुन्हा घेतलं तर सांध्याचीच हानी होते. हायलुरोनिक ॲसिड म्हणजे वंगण, ऐकायला पटतं. बोटॉक्स स्नायू ढिले करतं, काही महिन्यांनी असर ओसरतो. मऊ हिरडीवर कवळी टेकवून चावणाऱ्या माणसाचे चावायचे स्नायूच ढिले करणं मला तरी उफराटं वाटतं. वर सांगितलेल्या शिफारशींत या तिन्हींना सौम्य नकारच आहे.

शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात: अडकलेल्या सांध्यात ती उपयोगी पडते, पण नुसत्या दुखण्यासाठी तिच्याकडे वळू नये. चकती काढून टाकण्याला त्याच शिफारशींत ठाम नकार आहे.

सांधा बदलणं हे फार थोड्यांसाठी. हाड जुळून सांधा गोठला आहे, संधिवाताने पोखरला आहे, खाता येत नाही, बाकी सगळं करून झालं आहे, तेव्हाच. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाईट आहे. १९८० च्या दशकात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे तुकडे सांध्यात बसवले गेले. ते चावण्याच्या दाबाखाली विरले, त्यांच्या कणांवर शरीराने हल्ला चढवून आजूबाजूचं हाड खाल्लं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ते मागे घ्यायला लावावे लागले. आजचे सांधे टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि पॉलिथिलीनचे असतात, सीटी स्कॅनवरून त्या माणसाच्या मापाचेही बनतात, आणि वीसेक वर्षांपर्यंतचा पाठपुरावा नोंदलेला आहे. तिशीतल्या माणसाला विचारावं लागतं, तो झिजला की पुढे काय. सत्तरीत तो प्रश्न हलका होतो. त्याची जागा दुसरे घेतात: कित्येक तासांची भूल हृदय-फुप्फुसं सोसतील का, हाड स्क्रू धरण्याइतकं भक्कम आहे का. चेहरा हलवणाऱ्या नसेला इजा होऊन भुवई किंवा पापणी काही काळ, क्वचित कायमची, लुळी पडू शकते. नवा सांधा फिरतो पण पुढे फारसा घसरत नाही, त्यामुळे तोंड पूर्वीइतकं उघडेल ही अपेक्षा ठेवू नये. आणि त्यानंतर कित्येक महिने व्यायाम. म्हणजे ज्याला कंटाळून माणूस इथवर आला, तोच परत.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेत असाल तर दाढ काढताना, इम्प्लांट बसवताना, जबड्याच्या हाडाला हात लागेल अशा कुठल्याही वेळी ते आधी सांगा. जबड्याचं हाड मरण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तासभर आ वासून बसायचं असेल तर चावायला रबरी ठोकळा मागा, दर दहा मिनिटांनी थांबायला सांगा. माझा सगळ्यात वाईट महिना एका लांबलेल्या रूट कॅनालनंतरचा होता, सांध्याच्या आजाराचा नव्हता.

मागच्या वर्षी मला सांधा धुण्याची तारीख दिली होती. तेव्हा तोंड ३३ मिलिमीटर उघडत होतं, आणि अडकून आठ महिने झाले होते. मी फिजिओथेरपिस्टकडे परत गेले, पट्टी घेऊन दर रविवारी मोजत राहिले. चार महिन्यांनी ३८. तिसरं बोट अजून थोडं घासून जातं. तारीख रद्द केलेली नाही, पुढे ढकलली आहे.