मार्चमध्ये घेतलेला बॉल: नाशिकच्या कोर्टांसाठी मोल्टनच्या तीन बास्केटबॉलची पारख

नाशिकमध्ये कॉलेजचा बास्केटबॉल मुख्यतः उघड्यावरच्या सिमेंट कोर्टावर चालतो. त्या कोर्टासाठी मोल्टन या जपानी कंपनीच्या तीन बॉलपैकी कुठला घ्यावा, याचं उत्तर आधीच देतो. रोजच्या सरावाला रबरी बीजी २०००. सामन्याला आणि सामन्याआधीच्या तीन-चार आठवड्यांना बीजी ३८००. बीजी ४५०० ज्यांना लाकडी फरशीचं इनडोअर कोर्ट नियमित मिळतं त्यांनीच घ्यावा. किंमतही याच क्रमाने चढत जाते. पण कुठला बॉल घेतला याच्याइतकंच, तो वर्षाच्या कुठल्या महिन्यात घेतला आणि न खेळता किती दिवस पडून राहिला, यावर त्याचं आयुष्य ठरतं. खरेदीच्या यादीत या गोष्टीला रकानाच नसतो. ती सगळ्यात स्पष्ट दिसली ती २०२० सालच्या मार्चनंतर.

त्या मार्चमध्ये कोरोनामुळे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम ऐन भरात तुटला. तिथली कॉलेजं कॉन्फरन्स म्हणजे ठरलेल्या गटांमध्ये खेळतात. हंगामभर गटातले सामने, शेवटी गटाची स्पर्धा आणि तिथून पुढे ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा. येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड अशा आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने १० मार्चला सर्वांच्या आधी आपली स्पर्धा रद्द केली. १२ मार्चला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्सचा सेंट जॉन्स आणि क्रेटन यांचा सामना मध्यंतरातच थांबवला. सेंट जॉन्स ३८-३५ ने पुढे होता, उत्तरार्ध झालाच नाही. त्याच दिवशी राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. १९३९ पासून दरवर्षी होत आलेली ही स्पर्धा पहिल्यांदाच चुकली. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं यात सर्वांत जास्त गेलं. वसंतातल्या खेळांच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं, पण बास्केटबॉल हिवाळ्याचा खेळ धरला जात असल्यामुळे त्या मुलांना ते मिळालं नाही. आयव्ही लीग तर २०२०-२१ चा हंगामही खेळली नाही. मार्च २०२० नंतर तिथला पुढचा सामना थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. म्हणजे वीस महिने बॉल रॅकवर.

आपल्याकडे टाळेबंदी २५ मार्चला लागली, आणि ती तारीख बॉलच्या दृष्टीने फार वाईट होती. कॉलेजचं क्रीडा अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडलं पाहिजे म्हणून दरपत्रकं फेब्रुवारीत मागवतात आणि माल मार्चमध्ये येतो. आंतरमहाविद्यालयीन सामने मात्र पावसाळा सरल्यावर. एरवीसुद्धा मार्चमध्ये आलेला बॉल नाशिकचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा जिमखान्याच्या खोलीत काढतो आणि मगच कोर्टावर उतरतो. २०२० साली आलेल्या बॉलने असे दोन पावसाळे काढले. खोकं न उघडलेला बॉल नवाच असतो, ही समजूत तिथेच फसते.

कारण सांगतो. बीजी ३८०० आणि बीजी ४५०० हे दोन्ही कॉम्पोझिट बॉल आहेत, म्हणजे वरचं आवरण कृत्रिम चामड्याचं. असल्या चामड्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटत जातं. आधी हाताला चिकट लागतं, मग बॉलवरच्या बारीक दाण्यांचा रंग बोटांना येतो, शेवटी पापुद्रे सुटतात. ही क्रिया बॉल खेळात असो वा खोक्यात, चालूच राहते. उलट रोज हाताळला आणि पुसला जाणारा बॉल हवेशीर तरी राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेल्या बॉलमध्ये ओल कोंडून बसते. रबरी बॉलला हा रोग नाही. त्याचा शत्रू ऊन आणि ओझोन. वर्षभर खिडकीपाशी पडलेल्या रबरी बॉलवर बारीक भेगा दिसतात, वर पांढरट थर येतो. पांढरा थर ओल्या फडक्याने पुसला की जातो, भेगा जात नाहीत.

म्हणून खरेदीचं वेळापत्रक बदला. अनुदान मार्चमध्येच संपवायचं असेल तर त्यात रबरी बॉल, पंप, पिना, जाळ्या घ्या. या वस्तू पावसाळा सहज काढतात. कॉम्पोझिट बॉल सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, पुढच्या वर्षाच्या पैशातून घ्या. दुकानातही कॉम्पोझिट बॉल खोक्यातून काढून अंगठ्याने जोरात घासून बघा. अंगठा घसरायला हवा आणि कोरडा राहायला हवा. चिकटला तर शिक्का कितीही नवा असो, तो बॉल जुना आहे. नाशिकमधल्या दुकानदारांना हे माहीत असतं. बॉल बदलून देताना कुणी खळखळ करत नाही, फक्त आपण तपासायला हवं.

आता एकेक बॉल.

बीजी २००० पूर्ण रबरी आहे. बारा पट्ट्यांचा, तपकिरी आणि फिकट अशा दोन रंगांत, खाचा खोल. सिमेंटवर सरावाला याच्याइतका भरवशाचा बॉल या तिघांत दुसरा नाही. नवा असताना हाताला थोडा कडक आणि निसरडा लागतो. आठवडाभर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून खेळला की वरचा कारखान्यातला थर जातो आणि पकड येते. दोष एकच, टप्पा थोडा जास्त उसळतो. त्यामुळे रबरावर सराव केलेली मुलं सामन्यात कॉम्पोझिट बॉल हाती आला की पहिली दहा मिनिटं चेंडू कमरेखालीच शोधत असतात. निव्हिया आणि कॉस्को यांचे रबरी बॉलही सरावाला चालतात आणि स्वस्त पडतात. मात्र संघाचे सगळे बॉल सारख्याच पट्ट्यांचे ठेवा. आठ पट्ट्यांचा आणि बारा पट्ट्यांचा बॉल मिसळून सराव केला तर नेमबाजाची बोटं खाचेवर बसतच नाहीत.

बीजी ३८०० हा या तिघांतला सर्वांत शहाणा बॉल. फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, मान्यता आहे, आत-बाहेर दोन्हीकडे चालतो असं कंपनी सांगते, आणि ते खरं आहे, पण अर्धंच. सिमेंटवर चालतो, टिकत नाही. खडबडीत सिमेंट दाणे घासून काढतं. आधी पट्टीच्या मधोमध गुळगुळीत चट्टे पडतात, मग सगळा बॉल चकचकीत होतो आणि घामाच्या हाताला घसरतो. रोज दोन तास उघड्यावर खेळवला तर एका हंगामापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. आठवड्यातून दोनदा, झाडलेल्या कोर्टावर, फक्त पाच-पाचच्या सामन्यांना वापरला तर दोन हंगाम निघतात. कोर्ट झाडणं ही इथे शोभेची गोष्ट नाही. नाशिकची काळी-तांबडी माती सिमेंटवर बारीक वाळूसारखी पसरते आणि प्रत्येक टप्प्याला दाणे घासते.

बीजी ४५०० हाताला सुरेख. पकड मऊ, टप्पा एकसारखा, फिबाची मान्यता. पण तो लाकडासाठीच आहे. सिमेंटवर आणला तर पहिल्याच महिन्यात पैसे वाया जाताना दिसतात. शिवाय धूळ लागली की त्याची पकड तिघांत सर्वांत आधी जाते.

माप आणि वजन खरेदीच्या वेळीच तपासा. पुरुषांचा ७ नंबर: घेर ७५ ते ७७ सेंटिमीटर, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. महिलांचा ६ नंबर: घेर ७१.५ ते ७३, वजन ५१० ते ५५०. शिंप्याची टेप आणि किराण्याचा डिजिटल काटा पुरेसा. घेर दोन दिशांनी मोजा, एकदा व्हॉल्ववरून आणि एकदा व्हॉल्वला आडवा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बॉल अंड्यासारखा झालेला आहे. तो सामन्याला नको.

हवेबद्दल जास्त सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. व्हॉल्वशेजारी छापलेला दाब बघा, साधारण ७ ते ९ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) दरम्यान असतो. गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, नसलेल्या पंपाने अंदाजे भरू नका. नाशिकच्या हिवाळ्यात दुपारी तीनला ३० अंशांत ८ पीएसआय भरलेला बॉल सकाळी सातला १० अंशांत जवळजवळ ६.५ वर येतो. गळती नसते, थंडीने हवा आकसलेली असते. पहाटेच्या सरावाला मुलं असा बॉल मेला म्हणून पुन्हा ८ पर्यंत फुगवतात. दुपारी तोच ९.५ वर जातो, तापलेल्या सिमेंटवर त्याहूनही वर. असं आठवडाभर झालं की आतल्या दोऱ्याचं वेष्टण एका जागी तुटतं आणि तिथे फुगा येतो. हवा नेहमी ज्या वेळी खेळायचं त्या वेळी भरा आणि खेळून झाल्यावर तपासा. गेज नसेल तर भिंतीवर खूण करा. बॉलचं खालचं टोक १.८० मीटरवर धरून नुसता सोडा. उसळल्यावर त्याचं वरचं टोक १.२८ ते १.३३ मीटरच्या पट्ट्यात आलं पाहिजे. सिमेंट गुळगुळीत असेल तिथेच ही चाचणी करा.

पिन ओली करून सरळ घाला. कोरडी पिन व्हॉल्वचा गाभा आत ढकलते आणि मग बॉल गेलाच. ओली करायला पाणी किंवा ग्लिसरीनचा एक थेंब. मशीनचं तेल, पेट्रोल कदापि नाही, रबर फुगतं. आणि पिन तोंडात धरून ओली करायची जुनी सवय आता तरी सोडा. एकच पिन दहा जणांच्या तोंडून जाते, हे २०२० नंतर तरी कुणाला समजावून सांगायला लागू नये.

सॅनिटायझरचंही तसंच. सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा बॉलवर अल्कोहोल फवारायची पद्धत पडली. अल्कोहोल कॉम्पोझिटवरचा पकड देणारा थर सुकवतं. वारंवार फवारलेला बॉल काही आठवड्यांत काचेसारखा होतो. ब्लीचचं पाणी रबराचा रंग उडवतं आणि रबर कडक करतं. विषाणूचं स्निग्ध आवरण साध्या साबणाने फुटतं. तेव्हा बादलीत सौम्य साबणाचं पाणी घ्या, फडकं बुडवून घट्ट पिळा, बॉल पुसा, दुसऱ्या साध्या ओल्या फडक्याने साबण काढा, सावलीत वाळवा. बॉल बादलीत बुडवू नका, व्हॉल्वमधून पाणी आत जातं. सॅनिटायझर खेळाडूंच्या हाताला लावा आणि हात वाळल्यावरच बॉल द्या.

दुरुस्तीची आशा थोडीच ठेवा. फुटबॉल शिवलेला असतो, मोची तो उसवून ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, बदलू शकतो. हे बास्केटबॉल चिकटवून, साच्यात दाबून केलेले असतात, त्यांना उसवायला शिवणच नाही. फुगा आलेला बॉल त्याच दिवशी बाद करा, ड्रिबलमध्ये तो तिरका उसळतो आणि बोट मुरगळतं. हवा हळूहळू जात असेल तर व्हॉल्ववर साबणाचा फेस लावा. बुडबुडे तिथेच आले तर ग्लिसरीनचे दोन थेंब आत सोडा, पिन दोन-तीनदा आतबाहेर करा. सुकलेला व्हॉल्व बऱ्याचदा एवढ्याने धरतो. पंक्चरचं द्रव आत भरू नका, ते एका बाजूला साचतं आणि बॉल डुगडुगतो.

आता साठवण. सुट्टी महिन्याहून मोठी असेल तर हवा ३ ते ४ पीएसआयवर आणा. पूर्ण काढली तर बॉल चेपतो आणि घडीवर आवरण सुटतं, पूर्ण ठेवली तर उन्हाळ्यात ताण येतो. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, लाकडी किंवा लोखंडी रॅकवर एका थरात ठेवा. एकावर एक रचू नका. पाण्याची मोटर किंवा जनरेटर असलेली खोली टाळा, तिथल्या ओझोनने रबराला भेगा पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस नसेल त्या दुपारी, खोली उघडून पंखा तासभर लावा आणि प्रत्येक बॉल कोरड्या फडक्याने पुसून जागेवर अर्धा फिरवून ठेवा. किल्ली कुणाकडे हेही आधी लिहून ठेवा. टाळेबंदीसारखी वेळ आली तर सगळं त्या एका किल्लीवर अडतं.

बारा जणांच्या संघाला आठ रबरी आणि दोन कॉम्पोझिट बॉल पुरेसे. स्पर्धेच्या पत्रकात बॉलचं मॉडेल दिलं असेल तर ते दोन त्याच मॉडेलचे घ्या आणि त्यातला एकच सरावाला काढा. दुसरा फक्त सामन्याआधी तीन दिवस खेळवून मऊ करा. प्रत्येक बॉलवर व्हॉल्वशेजारी खरेदीचा महिना आणि वर्ष मार्करने लिहा. रजिस्टरमध्ये ती तारीख असतेच, पण रॅकपाशी उभं राहून कुठला बॉल आधी काढायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात रजिस्टर नसतं.