दहा बाय दहाचा कॅनोपी: आठ महिने, नऊ प्रदर्शनं

उघड्यावरच्या चित्रप्रदर्शनांसाठी हा दहा फूट लांब-रुंद घडीचा कॅनोपी, म्हणजे पायांवर उभा राहणारा कापडी मांडव, घेतला, त्याला आठ महिने झाले. एकट्याने उभा करता येतो असं खोक्यावर लिहिलंय. येतोही, फक्त एकेक पाय थोडाथोडा सरकवत त्याला प्रदक्षिणा घालत बसावं लागतं. हाताशी कुणी असेल तर दहा मिनिटांचं काम.

छत पांढरं घेतलं, हे शहाणपण चुकून झालं. मला निळं आवडलं होतं, ते शिल्लक नव्हतं. पुढे एकदा शेजारी निळ्या छताचा स्टॉल लागला. त्यातल्या चित्रांचे पिवळे रंग हिरवट दिसत होते आणि गिऱ्हाइकं चित्र उचलून बाहेर उन्हात नेऊन बघत होती.

खरी रड वजनाची. सोबत मेखा आणि दोऱ्या मिळतात, पण फरसबंदीवर मेखा ठोकणार कुठे? तिसऱ्या प्रदर्शनात मी पायांवर विटा ठेवून वेळ मारून नेली. दुपारी वारा सुटला आणि सांगाडा एक पाय उचलून नाचायला लागला. शेजारचे धावले म्हणून उलटला नाही, पण दोन फ्रेमच्या काचा गेल्या. मग घरी हिशेब मांडला. ताशी ४० किमीचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला साडेसात किलोच्या वर दाब पडतो. मागची कनात ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. म्हणजे ४५ किलोच्या वर रेटा, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट. विटा बिचाऱ्या काय करणार!

आता ४ इंची पीव्हीसी पाइपचे मीटरभर तुकडे काँक्रीटने भरून घेतलेत. एकेक साधारण १८ किलोचा. छताच्या कोपऱ्याला पट्ट्याने टांगतो आणि खाली पायाला आवळतो, नाहीतर झोके घेतात. वजनाला पाण्याचे कॅन लावले तर ते रिकामे नेता येतात हे खरं, पण लोक त्यांना अडखळतात. वारा वाढला की समोरासमोरच्या दोन्ही कनाती काढतो, म्हणजे तो आरपार जातो.

पावसाचं गणित सोपं: छतावर १ मिमी पाऊस म्हणजे ९ लिटर पाणी. कापड सैल पडलं की कोपऱ्यांत झोळ धरतो. मी एकदा आतून दांड्याने ढकललं आणि सगळं पाणी एका आजींच्या पायांवर. त्यांनी तरीही एक छोटं चित्र घेतलं.

चित्रं सांगाड्याला टांगू नका, जाळीचे पॅनेल वेगळे घ्या. मी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवतो.

आठ महिन्यांत प्लास्टिकचा एक सांधा तडकला, शिवणीतून थेंब झिरपतात, आणि रंग खरवडला तिथे लोखंडाला गंज चढलाय. सोबतची पिशवी तर तिसऱ्याच महिन्यात तळाशी फाटली. सध्या सगळं जुन्या चादरीत बांधून नेतो.