दगडी घरात केबल आणि वायफायची जोडी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

घरातलं वायफाय नीट चालत नाही म्हणून महागडा राउटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सध्या एकच सांगतो: आधी इंटरनेटची (लॅन) केबल ओढा, राउटरचं नंतर बघा. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कराडच्या घरात केबल आणि वायफाय अशी दुहेरी व्यवस्था केली. तेव्हापासून पाऊस, परीक्षा, दिवाळीचे पाहुणे, उन्हाळ्यात जाणारी लाईट असं सगळं तिने सोसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

घर जुनं आहे. खालच्या भिंती दीड फुटी काळ्या दगडाच्या, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. फायबर रस्त्याकडच्या सोप्यात येतं आणि ओएनटीचा डबा (फायबरचं इंटरनेट घरात वाटणारा, वायफाय असलेला राउटर) तिथल्याच भिंतीवर आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा. सोप्यात पूर्ण वेग, मधल्या खोलीत निम्मा, स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झ (वायफायचा वेगवान, पण भिंतीत अडणारा पट्टा) दिसायचंच नाही, आणि वर मुलीच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवर (हळू, पण लांब पोचणारा पट्टा) कसेबसे दहा-पंधरा. रात्री तेही नाही, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या गल्लीत राउटर घरटी एक. पाहुण्यांकडून आणलेला एक्स्टेंडरही (वायफायचा सिग्नल पुढे पाठवणारा डबा) लावून पाहिला. सिग्नलच्या कांड्या भरल्या, वेग मात्र वाढला नाही. साधा एक्स्टेंडर ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून पुढे बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच अशक्त असेल, तर तो पुढे काय देणार?

मग ठरवलं की जे जागचं हलत नाही ते केबलवर आणि जे हातात फिरतं ते हवेवर. सोप्यातला टीव्ही थेट ओएनटीला जोडला. तिथून कॅट-६ केबल मधल्या खोलीत नेली. तिथे टीपी-लिंकचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका केबलच्या अनेक वाटा करणारा डबा, वेग १००० एमबीपीएसपर्यंत) बसवला आणि त्यावर बायकोचा ऑफिसचा कॉम्प्युटर व प्रिंटर घेतला. स्विचमधून एक केबल जिन्याकडेने वर गेली, आणि तिच्या टोकाला आर्चर सी६ राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावला. दगडातून वाट कशी काढायची हा प्रश्न होता. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात जुन्या लँडलाइनच्या वायरीचं भोक होतंच, ते वायरमनने थोडं मोठं करून दिलं. बाकी सगळी केसिंग पट्टी.

‘ॲक्सेस पॉइंट मोड’ या तीन शब्दांवर मी जोर देईन. दुसरा राउटर तसाच जोडला तर तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो, उपकरणांना वेगळे आयपी पत्ते वाटतो, आणि मग वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर सापडत नाही. या मोडमध्ये पत्ते वाटायचं काम एकट्या ओएनटीकडे राहतं आणि सगळं घर एकाच नेटवर्कमध्ये येतं. दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार एकच ठेवला, चॅनेल मात्र वेगळी: खाली १, वर ११.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. वर मुलीच्या खोलीत आता ५ गिगाहर्ट्झवर जवळजवळ पूर्ण प्लॅन मिळतो. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढच्या महिन्यांत लक्षात आलं. केबलवर टाकलेल्या उपकरणांमुळे उरलेलं वायफायसुद्धा सुधारलं. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीचे थांबतात. टीव्हीसारखं सतत ओढणारं गिऱ्हाईक त्या रांगेतून उठलं की फोनांना मोकळीक मिळते. पूर्वी टीव्हीवर सामना लागला की बायकोचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. तिचा कॉम्प्युटर केबलवर आल्यापासून ती तक्रार एकदाही ऐकलेली नाही. केबलवर राउटरपर्यंतचा पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आतच राहतो, घरात कोणीही काहीही पाहत असो.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. दुकानात स्वस्तातली जी दाखवतात तिच्यात पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडली की पांढरी निघते. ती घेऊ नका. रोध जास्त, तार मोडते लवकर, आणि पुढेमागे केबलवरूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची झाली तर ती कामाची नाही. जॅक मारून झाल्यावर टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागलेच पाहिजेत. आमच्या वरच्या केबलवर सुरुवातीला वेग ९४ वर अडकत होता. हा आकडा दिसला की समजावं, लिंक १०० एमबीपीएसवर उतरली आहे. १०० ला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नव्हती. जॅक कापून नवा मारल्यावर प्रश्न मिटला.

न आवडलेलंही सांगतो. जिना चढताना फोन खालचंच वायफाय धरून बसतो. कधी सोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. खालच्या २.४ ची ताकद सेटिंगमध्ये कमी केल्यावर बराच फरक पडला, तरी बायकोचा जुना फोन अजून अडून बसतो, वायफाय बंद-चालू करावं लागतं. ज्यांना बोलत बोलत घरभर फिरायचं असतं त्यांनी मेश संच (एकत्र मिळून एकच वायफाय चालवणारे डबे) घ्यावा, पण त्याचे डबेसुद्धा केबलनेच एकमेकांना जोडावेत.

दुसरं म्हणजे वीज. ओएनटी, स्विच आणि वरचा राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. एक जरी राहिला तरी साखळी तुटते. इन्व्हर्टर साध्या मोडवर असताना लाईट गेली की राउटर पुन्हा चालू व्हायला वेळ घ्यायचा. मागचं बटण यूपीएस मोडवर केल्यापासून चालू मीटिंगही तुटत नाही. छोट्या गावात घरून काम करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

अंगणापलीकडच्या खोलीत तांब्याची केबल मुद्दाम नेली नाही. वळवाच्या विजा आमच्याकडे जोरात होतात, आणि दोन इमारतींमधली उघड्यावरची तांब्याची तार ती लाट थेट उपकरणांत आणू शकते. तिथे सध्या खिडकीतून येणारं २.४ पुरतं. पुढे लागलंच तर फायबरचा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावीन. खर्चात सर्वांत मोठा वाटा वायरमनच्या मजुरीचा आणि पट्टीचा होता, उपकरणांचा नव्हे. म्हणून घराचं रंगकाम किंवा वायरिंग निघालं असेल तर रिकामे पाइप तेव्हाच टाकून घ्या, प्रत्येक खोलीत एक, आणि विजेच्या वायरींपासून वेगळे.