रस्त्यावरचा ऑर्गन: जुना जपावा की नवा घडवावा?

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या एका जुन्या चर्चमध्ये स्पीलक्लोक संग्रहालय आहे. तिथले रस्त्यावर वाजवायचे जुने, नळ्यांचे ऑर्गन नुसते मांडून ठेवलेले नाहीत, ते वाजतात. चाक फिरलं की भाता फुगतो, गाण्याची भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं घडीचं पुस्तक सरकतं, भोक आलं की त्या सुराची नळी बोलते. पॅरिसच्या गाविओली या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने १८९२ मध्ये ही पुस्तकं आणली. त्याआधी खिळे ठोकलेल्या लाकडी रुळावर मोजकीच गाणी मावत.

जुना ऑर्गन दुरुस्त करताना भात्याचं चामडं बदलता येतं. पण नळीचं तोंड जरा जास्त कोरलं गेलं, तर मूळ आवाज कायमचा गेला.

नवा ऑर्गन जत्रेत, पावसापाण्यात बिनधास्त नेता येतो. शिकाऊ हातांनी चुकावं तर त्याच्यावरच. तरी पैसे एकाचेच असतील, तर मी आधी जुन्याचा भाता शिवून घेईन.